वाळत घातलेले वस्त्र आणि मनातले सोवळे



पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यात कऱ्हा नदीच्या काठी मोरगाव वसलेले आहे. अष्टविनायकांतील पहिले स्थान म्हणून त्याचा लौकिक असून भाद्रपदात व माघात तेथे यात्रेकरूंची रीघ लागते. त्या देवस्थानाविषयी आम्हास येथे काही लिहावयाचे नाही. ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी. आम्हास लिहावयाचे आहे ते या गावच्या, आणि महाराष्ट्रातील अशा हजारो गावांच्या, घरापुढे ताणलेल्या दोरीविषयी. कोणी तिला वलणी म्हणतात, कोणी नुसतेच तार म्हणतात. तिच्यावर लुगडी, धोतरे, सदरे, पोरांची झबली वाऱ्यावर हलत असतात, आणि येणाराजाणारा तिच्याकडे लक्षही देत नाही.

धर्मांतर आणि हक्क यांची चर्चा करणाऱ्या पत्राने धुण्यावाळवण्यावर रकाने का खर्च करावेत, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे आहे की, अस्पृश्यता ग्रंथात लिहिली गेली असली तरी ती पाळली गेली ती पाण्यात, भाकरीत आणि वस्त्रात. तिचा शेवट व्हावयाचा तोही याच ठिकाणी झाला पाहिजे. ज्या घराने दीक्षा घेतली, त्या घराच्या वलणीवर जुना धर्म अजून वाळत पडला आहे की काय, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

धुण्यास लागणाऱ्या तीन वस्तू

स्वच्छ वस्त्र नेसावयाचे तर माणसाजवळ तीन वस्तू असाव्या लागतात. एक, धुण्यास पाणी. दुसरी, धुतलेले वाळेपर्यंत अंगावर घालावयास दुसरे वस्त्र. आणि तिसरी, वाळत घालण्यास उन्हावाऱ्याची हक्काची जागा. आपल्या पूर्वजांस या तिन्ही वस्तू नाकारण्यात आल्या, आणि मग त्यांनाच ‘घाणेरडे’ म्हणून दूर लोटण्यात आले. हा न्याय नव्हता, हे निराळे सांगावयास नको.

प्रथम पाण्याचे पाहा. मोरगावचा मुलूख पर्जन्यछायेचा. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला व त्याने तालुक्याच्या दक्षिणेकडील रान भिजले. कऱ्हाकाठचा हा भाग मात्र जिरायतीच राहिला. उन्हाळ्यात कऱ्हेचे पात्र कोरडे पडते आणि झऱ्यावर हंडा भरेपर्यंत ताटकळावे लागते. अशा मुलखात पाण्याला आधीच मोल. त्यात पाणवठे जातीने वाटलेले. ज्यांस प्यावयाचे पाणीही ओंजळीत वरून ओतून घ्यावे लागत होते, त्यांनी धुण्यास पाणी कोठून आणावे? मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले केले, तरी ते खुले झाले कागदावरच. म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस आपल्या हजारो अनुयायांसह जावे लागले. ज्या तळ्यावर गुराढोरांस मज्जाव नव्हता, ते माणसाच्या ओंजळीने बाटले असे ठरवून गोमूत्र-शेणाने त्याची शुद्धी करण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागावयास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडला. एका तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षे!

दुसरे वस्त्राचे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे नेसावी, फुटक्या भांड्यात जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावे असा दंडक घातलेला आहे. गावगाड्यात तो दंडक ‘हक्क’ या गोंडस नावाने वावरत होता. मेल्याच्या अंगावरचे कापड हे महाराचे वतनी उत्पन्न मानले जाई. ज्या वतनाने असली कमाई दिली, ते खालसा व्हावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ सालापासून कायदेमंडळात झगडा मांडला, आणि अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. पण तोवर किती पिढ्या एका वस्त्रावर गेल्या! ज्या बाईपाशी एकच लुगडे, ती ते धुणार केव्हा? निम्मे अंगावर ठेवावे, निम्मे धुवावे, ते अंगावरच वाऱ्याने वाळवावे आणि मग उरलेले निम्मे धुवावे, असे हाल आपल्या आज्यांनी काढले आहेत. तेव्हा वाचकहो, दारातल्या दोरीवर जे दुसरे लुगडे वाळत पडलेले दिसते, ते साधे कापड समजू नका. ज्याच्या घरात नेसते एक आणि वाळते एक अशी दोन वस्त्रे आली, त्याच्या घरातून गुलामगिरीचे एक पाऊल मागे सरले.

तिसरे जागेचे. गावकुसाबाहेरच्या वस्तीत खोपटास खोपट लागलेले. अंगण असे नावालाच. शहरात गेलेल्यांचीही तीच गत. मुंबईतील बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. एकशे साठ चौरस फुटांच्या एकेका खोलीत आठआठ, दहादहा माणसे राहिली. त्या चाळींच्या कठड्यांवर लटकणारी धुणी पाहून बाहेरच्यांनी नाके मुरडली असतील. पण अंधाऱ्या खोलीत ओली वस्त्रे कोंडून न ठेवता ती उजेडात आणणारी ती माणसे शहाणी होती.

भगवंताचे वस्त्र कोठे वाळले?

आता आपल्या धम्माकडे वळू. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. उरुवेला येथे भगवंतास टाकून दिलेले एक वस्त्र मिळाले. ते कोठे धुवावे, कशावर चुबकावे आणि कोठे वाळत घालावे, असे प्रश्न त्यांच्या मनात आले. ग्रंथ सांगतो की, शक्राने तळे खणून दिले, चुबकण्यासाठी व वाळत घालण्यासाठी शिळा आणून ठेवल्या, आणि अर्जुनवृक्षावरील देवतेने पाण्यातून वर येण्यास आधार म्हणून फांदी खाली वाकविली. यातील चमत्कार ज्यांस नको त्यांनी खुशाल बाजूस ठेवावा, आम्हीही ठेवतो. पण चमत्कार वगळल्यावर जे उरते ते केवढे मोलाचे आहे! राजवैभव सोडून आलेला तो महापुरुष दुसऱ्याने टाकलेले वस्त्र उचलतो, ते आपल्या हाताने धुतो आणि वाळत घालण्यास जागा शोधतो. प्रेतावरचे वस्त्र मनूने एका समाजाच्या गळ्यात लाज म्हणून बांधले. तथागतांच्या संघाने धुळीतले व स्मशानातले वस्त्र धुऊन, रंगवून त्याचे चीवर केले आणि राजांनी त्या चीवरापुढे मस्तक लवविले. वस्त्र तेच. एकीकडे ते सक्तीने अंगावर आले, दुसरीकडे स्वेच्छेने. एकीकडे त्याची घाण माणसास चिकटली असे मानले गेले, दुसरीकडे घाण पाण्याने जाते एवढे साधे सत्य ओळखले गेले.

इतकेच नव्हे तर वस्त्र वाळविण्याचे बारीकसारीक नियमही विनयात आहेत. भिक्षू रंगविलेले चीवर जमिनीवर पसरीत. त्यास माती लागे. तेव्हा गवत अंथरण्याची परवानगी मिळाली. गवतास वाळवी लागू लागली, तेव्हा चीवरासाठी बांबू आणि दोरी बांधण्याची परवानगी मिळाली. चीवर मधोमध टाकल्याने रंग दोन्ही बाजूंनी गळे, तेव्हा ते कोपऱ्यास बांधण्यास सांगितले. कोपरा झिजू लागला, तेव्हा कोपऱ्यास दोरा लावण्यास सांगितले. अडचण आली, विचार केला, उपाय काढला; तो अपुरा ठरला, पुन्हा विचार केला. या साऱ्यात कोठे शिवाशीव नाही, मुहूर्त नाही, मंत्र नाही. धम्म म्हणजे काय हे ज्यांस थोरल्या ग्रंथांतून कळत नसेल, त्यांनी एवढे दोरीचे प्रकरण जरी मनन केले तरी पुष्कळ कळेल.

याच्याशेजारी सोवळ्याची दोरी ठेवून पाहा. सोवळ्याचे वस्त्र उंच दांडीवर काठीने वाळत टाकावयाचे, म्हणजे कोणाचा हात लागू नये. घरच्या पोराचा हात लागला तरी ते ओवळे. मग ते कळकट असले तरी चालेल, ओलसर असले तरी चालेल. स्पर्श झाला नाही म्हणजे पवित्र. उलट, साबणाने धुतलेले, उन्हात कडकडीत वाळलेले वस्त्र एका स्पर्शाने अपवित्र! ज्या विचारसरणीत घाण ही डोळ्यांस दिसणारी वस्तू राहत नाही आणि जन्माने चिकटणारा गुण बनते, त्या विचारसरणीतूनच अस्पृश्यता जन्मास आली. सोवळे हे तिचे घरगुती रूप, अस्पृश्यता हे गावगाड्यातले रूप.

आपल्या वलणीवर काय आहे?

म्हणून आता एक कठोर प्रश्न विचारणे भाग आहे. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, घरातील देव्हारा काढला, भिंतीवर भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची तसबीर लावली. पण आपल्या घरच्या लेकीसुनांची मासिक पाळीची वस्त्रे कोठे वाळतात?

विषय निघताच पुष्कळांच्या माना खाली जातील. पण मान खाली घालावी असे त्यात काही नाही. ती वस्त्रे आजही कितीतरी घरांत न्हाणीच्या कोपऱ्यात, कौलांखाली, पेटीमागे किंवा दुसऱ्या कपड्याच्या आड दडवून वाळत घातली जातात. ती नीट वाळत नाहीत. ओलसर, अंधाऱ्या जागी बुरशी धरते, कुबट वास येतो, आणि तेच वस्त्र पुन्हा वापरल्याने अंगास खाज सुटते, पुरळ उठते, नाना विकार जडतात. बाई ते कोणास सांगत नाही, कारण तिला शिकविलेच आहे की हा विटाळ आहे. बंधूंनो, विटाळ हा शब्द आपल्या कानांस परका आहे काय? हाच शब्द उच्चारून आपल्या पूर्वजांस पाणवठ्यावरून हुसकले. आपल्या सावलीचा विटाळ खोटा होता. तर आपल्या लेकीच्या शरीरधर्माचा विटाळ खरा कसा? एक खोटा आणि एक खरा, असा निवाडा करणारा मनुष्य बौद्ध झाला असे म्हणता येणार नाही. भिक्षुणीसंघाच्या नियमांतही ऋतुकाळी वापरावयाच्या वस्त्राची उघड तरतूद केलेली आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी जे उघडपणे बोलले गेले, ते आज आपल्या घरात कुजबुजीने का व्हावे?

तेव्हा ही वस्त्रे स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, इतर धुण्यासारखीच उन्हात टाकावी, पुरती वाळल्यावाचून घडी करू नये आणि कोरड्या, स्वच्छ पिशवीत ठेवावी. घरातील वडीलधाऱ्या बाईने यात पुढाकार घ्यावा. सासूने सुनेस सांगितले की सुनेचा संकोच जातो. आणि पुरुषांनी एवढेच करावे की, दोरीवरचे ते वस्त्र पाहून नजर चुकवू नये आणि थट्टाही करू नये.

तीच गोष्ट दुसऱ्या एका समजुतीची. बाईच्या वाळत्या लुगड्याखालून पुरुषाने जाऊ नये, गेल्यास आयुष्य घटते, अशी भीती अजून काही घरांत आहे. अशी भीती ज्याच्या मनात आहे त्याने स्वतःस विचारावे की, ज्या माउलीच्या पदराखाली आपण वाढलो, तिच्या पदराने आयुष्य घटते कसे? आणि धुणे धुण्याचे व वाळविण्याचे काम बाईचेच, हाही एक वर्णधर्मच होय. काम जन्मावरून वाटणे ही चातुर्वर्ण्याची रीत. मग जन्म जातीत घेतलेला असो की स्त्रीदेहात. भगवंताने आपले वस्त्र आपण धुतले, ही गोष्ट वर सांगितलीच आहे. ज्या पुरुषास पिळलेले धोतर झटकून दोरीवर टाकण्यात कमीपणा वाटतो, त्याने ती गोष्ट पुन्हा एकदा वाचावी.

लाज कशाची?

महाडला डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांस उद्देशून भाषण केले. लुगडे नेसण्याची जी पद्धत जातीची खूण म्हणून लादली गेली ती टाका, हातापायांतील कमअस्सल दागिन्यांचा भार उतरवा, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. जमलेल्या बायांनी लगोलग नेसण्याची तऱ्हा बदलली. त्या बायांजवळ नवी लुगडी घ्यावयास पैसा नव्हता. त्यांनी होते तेच लुगडे निराळ्या रीतीने नेसले, आणि तेवढ्याने त्या निराळ्या झाल्या.

हे आठवण्याचे कारण असे की, आपल्यातील काही सुशिक्षित, चार पैसे मिळविणाऱ्या कुटुंबांस आता दोरीचीच लाज वाटू लागली आहे. शहरातील नव्या इमारतीत राहावयास गेले की बाहेर धुणे दिसता कामा नये, त्याने इमारतीची शोभा जाते, असे सांगण्यात येते. हा विचार आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतही अनेक वसाहतींनी अंगणात धुणे वाळत घालण्यास बंदी केली, कारण दोरी म्हणजे दारिद्र्याची खूण असा तेथे समज. लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठविला, आणि व्हरमाँटसारख्या राज्याने २००९ साली कायदा करून उन्हात वस्त्र वाळविण्याचा हक्क राखला. तेथे यंत्राने वाळविण्यास वीज जाळावी लागते. आपल्याकडे सूर्य फुकट तापतो. ठिगळाचे वस्त्र दोरीवर दिसले तर लाज वाटू देऊ नका. लाज मळलेल्या वस्त्राची वाटावी, फाटक्याची वाटू नये.

ऊन हे गरिबाचे औषधही आहे. उन्हाच्या किरणांनी पुष्कळ रोगजंतू मरतात, आणि कपडा कोरडा झाला की बुरशीस थारा राहत नाही. नायटा, गजकर्ण हे ओलसर कपड्यांत फोफावतात. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून दूर राहिला तर बहुधा दोनतीन दिवसांत मरतो. म्हणून घरात खरूज झाली असता औषधाबरोबरच सर्वांचे कपडे व अंथरूण गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावे. गोधड्या व वाकळा चैत्र-वैशाखात दोन्ही बाजूंनी उन्हे दाखवाव्या. कपडे एकावर एक टाकू नयेत. मधून वारा खेळला तरच ओल लवकर जाते. रंगीत कपडा उलटा करून टाकला तर रंग उडत नाही. मोरगावकडच्या कोरड्या वाऱ्यात लुगडे वाळावयास फार वेळ लागत नाही. ही त्या दुष्काळी मुलखाची एक देणगीच समजावी.

तारेपासून जपा

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. पुष्कळ घरी दोरीऐवजी लोखंडी तार बांधलेली असते, आणि तिचे एक टोक विजेच्या खांबास, त्याच्या ताणास किंवा पत्र्याच्या छपरास असते. पावसाळ्यात विजेची वायर झिजून तिचा प्रवाह तारेत उतरतो, आणि ओले लुगडे टाकावयास गेलेली बाई जागच्या जागी प्राणास मुकते. तिला सोडविण्यास धावलेला नवरा किंवा मुलगाही तिच्या पाठोपाठ जातो. अशा बातम्या वर्तमानपत्रांत पुनःपुन्हा येतात. म्हणून लोखंडी तार आजच्या आज काढून टाकावी आणि सुताची किंवा नायलॉनची दोरी दोन लाकडी खांबांस, विजेच्या वायरीपासून दूर, बांधावी. कोणास धक्का बसलाच तर त्यास हात लावू नये. आधी मुख्य बटण बंद करावे, ते जमले नाही तर कोरड्या लाकडाने तार दूर सारावी.

हक्काची जाणीव

शेवटी हक्काचे. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. पंधराव्याने विहिरी, तलाव, स्नानाचे घाट व दुकाने सर्वांस खुली केली. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ‘दुकान’ या शब्दाच्या अर्थाची चर्चा निघाली, तेव्हा हा शब्द व्यापक अर्थाने योजला असून जो कोणी लोकांस आपली सेवा देऊ करतो तो त्यात येतो, असा खुलासा बाबासाहेबांनी केला. म्हणजे परिटाने वा लाँड्रीवाल्याने जातीवरून कपडे नाकारणे हे संविधानाविरुद्ध आहे. परीट समाजाविषयी मात्र मनात अढी धरू नका. त्याच समाजात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली, आणि पंढरपूरची धर्मशाळा बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली.

१९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यास १९७६ साली नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले. त्याने पाणवठा व घाट अडविणे हा गुन्हा ठरविला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन, नदी, विहीर, नळ यांच्या वापरास आडकाठी करणे आणि नवे कपडे घालून सार्वजनिक जागी वावरण्यास हरकत घेणे, हेही गुन्ह्यात आले. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींचा दर्जा मिळाला असल्यामुळे या संरक्षणास तेही पात्र आहेत. तेव्हा घाटावर धुण्यास कोणी जातीवरून अडविले तर दिवस, वेळ व साक्षीदारांची नावे लिहून ठेवावी आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.

पण हेही विसरू नका की प्रत्येक भांडण जातीचे नसते. आपल्या धुण्याचे पाणी शेजाऱ्याच्या दारात वाहिले, आपली दोरी रस्त्यावर गळ्याच्या उंचीने आडवी आली, तर ती चूक आपली. ती हसतमुखाने दुरुस्त करावी. हक्क मागणाऱ्याने कर्तव्यात उणे राहू नये, म्हणजे हक्काचा शब्द वजनदार होतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोक शुभ्र वस्त्रे नेसून आले. ती वस्त्रे आदल्या दिवशी कोठेतरी धुतली गेली होती, कोठल्यातरी दोरीवर वाळली होती. जो समाज मेल्याच्या अंगावरच्या कापडात पिढ्यान्पिढ्या गुंडाळला गेला, तो त्या दिवशी आपल्या हाताने धुतलेल्या वस्त्रात उभा राहिला. ते वस्त्र रोज धुवावे लागते, हे लक्षात असू द्या. मनाचेही तसेच आहे. येत्या रविवारी घरातील सर्वांनी, पुरुषांनीसुद्धा, मिळून धुणे धुवावे; लोखंडी तार काढून दोरी बांधावी; जे आजवर कोपऱ्यात दडविले ते उन्हात आणावे. आपल्या मनातले सोवळेही त्याच उन्हात टाका. ते पुरते वाळून उडून जाऊ द्या.

जयभीम.